होम मीडिया सर्व्हरचं हार्डवेअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

“सर्व्हरसाठी कोणतं मशीन घेऊ?” एवढ्या एका ओळीचे मेसेज सतत येतात आणि दरवेळी मला उलटा प्रश्न विचारावा लागतो, “टीव्ही कोणता आहे?” त्या देवाणघेवाणीतूनच हे पान तयार झालं. प्रश्न ज्या शब्दांत येतात, साधारण त्याच शब्दांत ठेवलेत. जेलीफिन चांगलं की प्लेक्स (घरातल्या फाइली टीव्हीवर दाखवणारी ही दोन सॉफ्टवेअर), हे भांडण इथे सापडणार नाही. हार्डवेअर निवडताना त्याने जेवढा फरक पडतो, तेवढ्यापुरता उल्लेख येईल.

१. मीडिया सर्व्हर म्हणजे नक्की काय? मी पेन ड्राइव्ह टीव्हीला लावतो, त्याहून वेगळं काय मिळणार?

एकटेच, एकाच टीव्हीवर पाहत असाल तर काहीच नाही. पेन ड्राइव्ह उत्तम आहे, पैसे वाचवा. घरात तीन माणसं तीन स्क्रीनवर पाहायला लागली की खरी गंमत सुरू होते. फाइली एकाच ठिकाणी राहतात, हॉलमध्ये अर्धवट सोडलेला चित्रपट आतल्या खोलीत त्याच क्षणापासून सुरू होतो आणि घरगुती व्हिडिओ शोधायला कोणाचा जुना फोन उचकावा लागत नाही. सर्व्हर हा शब्द भारदस्त आहे, पण प्रत्यक्षात तो चोवीस तास चालू राहणारा साधा कॉम्प्युटर असतो.

२. ट्रान्सकोडिंग, ट्रान्सकोडिंग म्हणून सगळे ओरडतात. ते काय असतं?

हा एक प्रश्न नीट समजला की पुढचे निम्मे आपोआप सुटतात, म्हणून इथे जरा थांबू.

व्हिडिओच्या फाइलीत एक डबा असतो (एमकेव्ही, एमपी४ वगैरे) आणि त्या डब्यात चित्र, आवाज आणि सबटायटल असे वेगवेगळे प्रवाह भरलेले असतात. टीव्हीला हे सगळं जसंच्या तसं पचत असेल तर सर्व्हर फाइल नुसती पुढे सरकवतो. हा डायरेक्ट प्ले. यात प्रोसेसर जवळजवळ झोपलेला असतो. चित्र आणि आवाज चालतो, पण डबा चालत नाही, अशी वेळ आली तर सर्व्हर तोच माल दुसऱ्या डब्यात भरून पाठवतो. याला रीमक्स म्हणतात आणि तेही हलकं काम आहे. फक्त आवाज टीव्हीला कळत नसेल तर तेवढाच बदलून दिला जातो, त्याचाही फारसा भार पडत नाही.

खरा घाम निघतो तो चित्र बदलताना. आवळलेलं चित्र पूर्ण उलगडायचं, लहान करायचं आणि दुसऱ्या पद्धतीने पुन्हा आवळायचं, तेही पाहणाऱ्याच्या वेगाने. ४केची १०-बिट एचईव्हीसी (चित्र आवळायची नवी पद्धत) फाइल नुसत्या प्रोसेसरच्या ताकदीवर अशी बदलायला गेलात तर चांगले आठ कोरही पंखा गरगरवत बसतात. हेच काम प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सच्या खास भागाकडे सोपवलं की सहा वॉटची चिपही आरामात निभावते.

म्हणून माझं सरळ मत आहे: ट्रान्सकोडिंग झेपेल असं मशीन शोधण्याआधी ट्रान्सकोडिंग लागणारच नाही अशी व्यवस्था करता येते का, ते पाहा.

३. मग सुरुवात कुठून करू? आधी प्रोसेसर ठरवू की डिस्क?

आधी टीव्ही. काहीही विकत घेण्यापूर्वी एक रविवार खर्च करा. हाताशी असलेल्या कुठल्याही लॅपटॉपवर जेलीफिन टाका आणि चार फाइली ठेवा: एक साधी १०८०पी एच.२६४ (आवळायची जुनी पद्धत), एक ४के एचईव्हीसी १०-बिट, एक डीटीएस (आवाज साठवायचा एक प्रकार) आवाजाची आणि एक चित्ररूप सबटायटल असलेली (ती काय भानगड आहे ते प्रश्न १८ मध्ये). घरातल्या प्रत्येक स्क्रीनवर चारही लावून पाहा. चालू असताना सर्व्हरच्या डॅशबोर्डवर डायरेक्ट प्ले की ट्रान्सकोड हे दिसतं, आणि ट्रान्सकोड असेल तर कारणही लिहिलेलं असतं. वहीत टिपून ठेवा.

चारही डायरेक्ट प्ले झाल्या तर जवळजवळ कुठलंही मशीन चालेल. डीटीएसवर गाडी अडली तर आश्चर्य वाटून घेऊ नका, कित्येक टीव्हींत तो आवाज उलगडायची सोयच दिलेली नसते. आणि एकच जुना टीव्ही सगळीकडे नापास होत असेल, तर सर्व्हर मोठा घेण्याऐवजी त्या टीव्हीला चांगला स्ट्रीमिंग प्लेअर जोडा. बहुतेक वेळा तेच स्वस्त पडतं.

४. बरं, टीव्हीची परीक्षा झाली. आता कोणता प्रोसेसर?

घरगुती वापरासाठी ग्राफिक्स आतच असलेला इंटेल. कारण क्विक सिंक, म्हणजे व्हिडिओ उलगडायचा आणि आवळायचा तो खास भाग. तो २०११ पासून इंटेलच्या चिपमध्ये आहे, पण सगळ्या पिढ्या सारख्या नाहीत. सुरुवातीच्या पिढ्यांची धाव एच.२६४ पुरती होती. १०-बिट एचईव्हीसी दोन्ही बाजूंनी, म्हणजे उलगडणं आणि आवळणं, सातव्या पिढीपासून जमतं. एव्ही१ (एचईव्हीसीनंतरची पद्धत) उलगडणं अकराव्या पिढीपासून. त्यामुळे जुनं मशीन घेत असाल तर सातवी पिढी ही लक्ष्मणरेषा समजा.

नवं आणि छोटं हवं असेल तर २०२३ मध्ये आलेल्या एन१०० चिपचे मिनी पीसी सोयीचे आहेत. चार कोर, सहा वॉटची मर्यादा, आणि ४केचे एकाहून अधिक ट्रान्सकोड एका वेळी ओढण्याइतका दम. कमतरता दुसरीकडे आहे. पीसीआयईच्या लेन (प्रोसेसरला कार्डं आणि डिस्क जोडणाऱ्या वाटा) अवघ्या नऊ, त्यामुळे डिस्क जोडायच्या जागा मोजक्याच मिळतात. दोन-तीन डिस्कपुढे जायचं असेल तर कोअर मालिकेतला साधा आय३ आणि पूर्ण आकाराचा मदरबोर्ड घ्या.

एएमडीचे प्रोसेसर इतर कामांत उत्तम, पण त्यांच्या आतल्या ग्राफिक्सने आवळलेलं एच.२६४ चित्र इंटेल आणि एनव्हिडियाच्या मागे पडतं. ट्रान्सकोड क्वचितच लागणार असेल तर त्याने काही बिघडत नाही.

आणखी एक: प्लेक्समध्ये हार्डवेअर ट्रान्सकोडिंगसाठी प्लेक्स पास विकत घ्यावा लागतो, जेलीफिनमध्ये ते फुकट आहे. हार्डवेअरच्या बजेटमध्ये हा खर्च धरायला लोक विसरतात.

५. त्याच नावाचा प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतोय, फक्त शेवटी ‘एफ’ आहे. घेऊ का?

नको. ‘एफ’ म्हणजे आत ग्राफिक्स नाही, म्हणजेच क्विक सिंक नाही. मीडिया सर्व्हरसाठी तुम्ही ज्या भागाचे पैसे मोजताय, नेमका तोच काढून टाकलेला. हे मी स्वतः करून बसलोय. सगळं जोडलं, पंखे फिरले, मॉनिटर काळाच. तासभर रॅम काढून घालत होतो. मग खोक्यावरचं अक्षर दिसलं.

६. जुना डेस्कटॉप पडून आहे. त्यावरच केलं तर?

करा, निदान सुरुवात तरी त्यावरच करा. प्रोसेसरची पिढी प्रश्न ४ शी ताडून पाहा आणि विजेचा हिशेब प्रश्न २१ मध्ये मांडून पाहा. जुना डेस्कटॉप रिकामा बसूनही ४०-५० वॉट खातो, आणि फुकटात मिळालेलं मशीन दोन-तीन वर्षांत नव्या मिनी पीसीएवढी वीज पिऊन मोकळं होऊ शकतं.

जुना लॅपटॉपही चालतो. झाकण मिटल्यावर झोपू नये असं सेटिंग करा. बॅटरी मात्र सतत चार्जरवर ठेवू नका. काढता येत असेल तर काढा, नसेल तर चार्जिंगला ऐंशी टक्क्यांची मर्यादा घाला. बॅटरी फुगून टचपॅड वर उचललेला लॅपटॉप पाहिलाय मी, आणि तो कपाटात बंद होता.

७. रास्पबेरी पाय ५ वर होईल का?

हा तळहाताएवढा कॉम्प्युटर डायरेक्ट प्लेसाठी चालेल. ट्रान्सकोडसाठी नाही. पाय ५ मध्ये हार्डवेअर एन्कोडर (चित्र आवळणारा भाग) नाहीच, आणि आधीच्या पायमध्ये असलेला एच.२६४ डिकोडरही (उलगडणारा भाग) काढलाय, उरलाय फक्त एचईव्हीसीचा. पेटी, अडॅप्टर, डिस्कची जोडणी असं सगळं धरलं की किंमत मिनी पीसीच्या आसपास जाते. हौस असेल तर जरूर करा.

८. तयार नॅस घ्यावा की स्वतः जोडावा?

नॅसमध्ये (घरच्या नेटवर्कवर डिस्क पुरवणारी तयार पेटी) डिस्क सरकवायचे कप्पे, देखणं सेटिंगचं पान आणि डोक्याला ताप कमी. हे सुख खरं आहे आणि त्याची किंमतही वाजवी आहे. फक्त कप्पे मोजून निवड करू नका, आतला प्रोसेसर पाहा. एकाच कंपनीच्या शेजारशेजारच्या दोन मॉडेलांत एकात ग्राफिक्सवाला इंटेल आणि दुसऱ्यात एआरएम (फोनमध्ये असते तशी) किंवा ग्राफिक्स नसलेली चिप, असं सर्रास असतं.

तिसरा मार्गही आहे आणि तो मला जास्त आवडतो: डिस्क सांभाळायला साधा नॅस, आणि चित्रपट दाखवायला शेजारी मिनी पीसी. उद्या नवा कोडेक (चित्र आवळायची पद्धत) आला तर मिनी पीसी तेवढा बदलायचा, डिस्क जागच्या हलत नाहीत. यात एक पथ्य पाळा. जेलीफिनचा डेटाबेस मिनी पीसीच्या स्वतःच्या एसएसडीवरच ठेवा, नॅसवरच्या फोल्डरमध्ये नको. जेलीफिन वापरतं तो एसक्यूलाइटचा डेटाबेस नेटवर्कवरून वापरला की कधीतरी बिघडतोच.

९. रॅम किती? ईसीसी हवी का?

आठ जीबी पुरते. सोळा असेल तर इतर चार गोष्टीही त्याच मशीनवर चालतील. झेडएफएसला (अनेक डिस्क एकत्र सांभाळणारी फाइल पद्धत) “दर टीबीला एक जीबी” हवी असं वाचून लोक घाबरतात. डीडुप्लिकेशन (सारखा माल एकदाच साठवणं) चालू केलं नसेल तर घरच्या चित्रपटांना तो नियम लावायचं कारण नाही. ईसीसी (स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी रॅम) असली तर छान, पण त्यासाठी मदरबोर्ड आणि प्रोसेसर महागडा घ्यायचा असेल तर तेच पैसे बॅकअपच्या डिस्कवर घाला.

१०. डिस्क किती मोठी घ्यावी?

एक सोपं गणित पाठ करा: फाइलीचा बिटरेट (सेकंदाला किती माहिती लागते ते) एमबीपीएसमध्ये घ्या आणि ०.४५ ने गुणा, तासाला किती जीबी ते मिळतं. ८ एमबीपीएसची १०८०पी फाइल तासाला ३.६ जीबी, म्हणजे दोन तासांचा चित्रपट ७.२ जीबी. ४के डिस्कवरून जशाच्या तशा उतरवलेल्या फाइलीची सरासरी ६० एमबीपीएस धरली तर तोच दोन तासांचा चित्रपट ५४ जीबी. एकाच ८ टीबी डिस्कवर पहिल्या प्रकारचे अकराशे मावतात, दुसऱ्या प्रकारचे दीडशेही नाहीत.

तेव्हा “किती चित्रपट” यापेक्षा “कोणत्या दर्जाचे” हा प्रश्न आधी सोडवा. जो आकडा येईल त्याच्या दीडपट डिस्क घ्या. दुप्पट नको, कारण दोन वर्षांनी तीच जागा सहसा स्वस्तात मिळते.

ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस आणि पोस्टरं मात्र वेगळ्या छोट्या एसएसडीवर हवीत. पोस्टरांची भिंत सरकताना अडखळते, तेव्हा दोष बहुतेकदा ती फिरत्या डिस्कवर ठेवल्याचा असतो.

११. ८ टीबीची डिस्क घेतली, कॉम्प्युटर ७.२७ दाखवतो. फसवलं का?

नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. डिस्क तेवढीच आहे.

१२. सीएमआर आणि एसएमआरचा घोळ काय आहे?

एसएमआर डिस्कमध्ये माहितीचे पट्टे छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची ओळ उचकटावी लागते, तसं तिथे मधला एक तुकडा बदलताना शेजारचे पट्टे पुन्हा लिहावे लागतात. सीएमआरमध्ये पट्टे सुटे असतात. २०२० मध्ये उघड झालं की मोठ्या कंपन्या काही मॉडेलांत न सांगता एसएमआर देत होत्या, त्यात नॅससाठी म्हणून विकलेल्या डिस्कही होत्या. तेव्हापासून डेटाशीटमध्ये हा उल्लेख शोधूनच डिस्क घ्यायची.

पण एसएमआर म्हणजे कचरा नव्हे. चित्रपट एकदा लिहून शंभरदा वाचायची वस्तू आहे, आणि वाचताना एसएमआर कुठे कमी पडत नाही. एकट्या डिस्कवर किंवा बॅकअपला खुशाल वापरा. रेडमध्ये (अनेक डिस्क अशा जोडायच्या की एक मेली तरी काम चालू राहतं), विशेषतः झेडएफएसमध्ये, नको. तिथे मेलेल्या डिस्कच्या जागी नवी भरताना ती इतकी रेंगाळते की सिस्टिम तिलाच बाद ठरवू शकते.

१३. रेड लावलं की बॅकअपची काळजी मिटली ना?

नाही. एक डिस्क मेली तरी आजचा चित्रपट थांबू नये, यासाठी रेड असतं. चुकून फोल्डर उडवलं, व्हायरस आला, एसएमपीएसने (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याने) सगळ्या डिस्क एकदम जाळल्या, तर रेड काहीच करू शकत नाही. उलट उडवलेलं फोल्डर ते तत्परतेने सगळीकडून उडवतं.

मी माल दोन ढिगांत वाटतो. स्वतःच्या डिस्कवरून उतरवलेले चित्रपट पुन्हा उतरवता येतात, फार तर चार रविवार जातील. घरगुती व्हिडिओ आणि फोटो पुन्हा मिळणार नाहीत. दुसरा ढीग सहसा पहिल्याच्या दहाव्या हिश्शाएवढाही नसतो, त्यामुळे त्याच्या तीन प्रती ठेवणं, त्यातली एक घराबाहेर, मुळीच जड जात नाही. चित्रपटांना रेड नसलं तरी माझी झोप उडत नाही.

रेड करायचंच असेल तर मोठ्या डिस्कचं एक वास्तव लक्षात ठेवा. १६ टीबीची नवी डिस्क सेकंदाला २०० एमबीच्या वेगाने भरली तरी २२ तास लागतात, आणि तेवढा वेळ उरलेल्या डिस्कही जोरात राबत असतात. म्हणून चारपेक्षा जास्त मोठ्या डिस्क असतील तर दोन डिस्क गेल्या तरी तरेल असा प्रकार निवडा. बीटीआरएफएस या फाइल पद्धतीचं स्वतःचं रेड ५ आणि ६ (एक किंवा दोन डिस्क गेल्या तरी तरणारे प्रकार) मात्र टाळा.

१४. माझ्याकडे ४, ८ आणि १२ टीबी अशा तीन वेगवेगळ्या डिस्क आहेत. सगळं वाया?

मुळीच नाही. नेहमीच्या रेडमध्ये सगळ्यांना ४ धरलं जाईल आणि उरलेली जागा वाया जाईल. त्याऐवजी मर्जरएफएस आणि स्नॅपरेड ही जोडी पाहा, किंवा पैसे मोजायची तयारी असेल तर अनरेड. मर्जरएफएस वेगवेगळ्या डिस्क एकच फोल्डर म्हणून दाखवतं. स्नॅपरेड एका डिस्कवर पॅरिटी (मेलेल्या डिस्कवरचा माल परत उभा करायचा हिशेब) ठेवतं, आणि ती डिस्क बाकी सगळ्यांपेक्षा मोठी किंवा निदान सर्वांत मोठीएवढी लागते. म्हणजे तुमची १२ टीबी पॅरिटीला जाईल आणि मालाला ४ + ८ मिळतील.

पॅरिटी क्षणोक्षणी नव्हे, तर तुम्ही ठरवाल तेव्हा, समजा रोज रात्री, तयार होते. दिवसभरात आलेली नवी फाइल रात्रीपर्यंत उघड्यावर असते. रोज बदलणाऱ्या कागदपत्रांना हे चालणार नाही, चित्रपटांना अगदी चपखल बसतं. आणि पॅरिटीच्या पलीकडे डिस्क मेल्या तरी जिवंत डिस्कवरच्या फाइली सुट्या वाचता येतात.

झेडएफएसवाल्यांसाठी: रेडझेडमध्ये (झेडएफएसचं स्वतःचं रेड) एकेक डिस्क वाढवण्याची सोय जानेवारी २०२५ च्या ओपनझेडएफएस २.३ पासून आली आहे. आकार सारखे असावेत हा मुद्दा तिथेही कायम आहे.

१५. मिनी पीसीला चार डिस्कची यूएसबी पेटी लावली तर?

एक यूएसबी डिस्क बिनधास्त. चार डिस्कच्या पेटीवर रेड मात्र नको. पेटीतली डिस्क आणि यूएसबी यांना जोडणारी चिप क्षणभर अडखळली की चारही डिस्क एकदम गायब होतात, आणि रेडला वाटतं चार डिस्क मेल्या. सुट्या डिस्क म्हणून, किंवा प्रश्न १४ मधल्या जोडीसह वापरलीत तर धोका बराच कमी होतो. माउंट करताना (सिस्टिमला जोडताना) डिस्कचं नाव नव्हे, यूयूआयडी (न बदलणारा ओळख क्रमांक) वापरा. रीस्टार्टनंतर नावं अदलाबदल होतात.

१६. मदरबोर्डवर सहा साटा पोर्ट (डिस्क जोडायच्या जागा) आहेत, पण दोन चालतच नाहीत. खराब निघाला का?

आधी एम.२ मध्ये (बोर्डावरच्या चपट्या खाचेत) एसएसडी लावलीय का ते सांगा. पुष्कळ बोर्डांत एम.२ भरलं की एक-दोन साटा पोर्ट बंद होतात. बोर्डाच्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. पोर्ट वाढवायचे असतील तर एएसएम११६६ चिपचं सहा पोर्टचं कार्ड साधं आणि भरवशाचं. एका पोर्टचे पाच करणारी मल्टिप्लायरवाली स्वस्त कार्डं टाळा.

१७. घरातल्या घरात ४के अडकतं. इंटरनेट तर ३०० एमबीपीएस आहे!

घरातल्या सर्व्हरवरून पाहताना इंटरनेटचा संबंध येत नाही, राउटर आणि केबलचा येतो. ४के ब्लू-रेचा प्रवाह १२८ एमबीपीएसपर्यंत उसळू शकतो आणि कित्येक टीव्हींचा लॅन पोर्ट जेमतेम १०० चा असतो. सरासरी ६० असली तरी मारामारीच्या दृश्यात उसळी येते आणि गोल फिरायला लागतं. अशा टीव्हीवर ५ गिगाहर्ट्‌झचं वायफाय केबलपेक्षा वेगवान निघू शकतं. ऐकायला उलटं वाटतं, पण करून पाहा.

सर्व्हर ते राउटर मात्र केबलच हवी. कॅट ५ई पुरते, १०० मीटरपर्यंत गिगाबिट देते. केबल तपासायची खूण सांगतो. गिगाबिटला आतल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. त्यामुळे बाकीच्या दोनपैकी एक जोडी तुटली तर केबल बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरते. आमच्याकडे दाराखालून गेलेली केबल बिजागराशी चेमटली होती. दोन महिने मी सर्व्हरची सेटिंगं बदलत राहिलो, आणि स्विचवरचा दिवा रोज हिरव्याऐवजी नारिंगी पेटून मला तेच सांगत होता.

१८. चित्रपट मस्त चालतो, सबटायटल लावले की अडकतो. असं का?

सबटायटल दोन जातींचे असतात. एसआरटीमध्ये नुसता मजकूर असतो, टीव्ही तो स्वतः लिहून दाखवतो. ब्लू-रेवरचे पीजीएस सबटायटल म्हणजे अक्षरांची चित्रं. टीव्हीच्या ॲपला ती दाखवता येत नसतील तर सर्व्हर ती चित्रपटावर छापतो, आणि छापायचं म्हणजे पूर्ण चित्र ट्रान्सकोड. नक्षीदार एएसएस सबटायटलचंही बरेचदा हेच होतं. एसआरटी मिळवा, प्रश्न मिटतो.

देवनागरी सबटायटलच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसत असतील तर फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवली आहे का ते पाहा. तेही ठीक असेल तर फॉन्ट नाही. जेलीफिनच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये पर्यायी फॉन्टचं फोल्डर देता येतं, त्यात देवनागरी फॉन्ट टाका. वेब ब्राउझरमध्ये तरी लगेच फरक दिसतो.

१९. ४के फाइल फोनवर फिकट दिसते, आणि एक फाइल तर चक्क हिरवी-जांभळी!

फिकट दिसते ती एचडीआर (जास्त उजळ आणि गडद रंगांची) फाइल, साध्या स्क्रीनसाठी रंग न बदलता आलेली. सर्व्हरमध्ये टोन मॅपिंग (ते रंग साध्या स्क्रीनला जुळवणं) चालू करा, तेही ग्राफिक्सवर. प्रोसेसरवर टाकलंत तर प्रश्न २ मधला पंखा आठवेल. हिरवी-जांभळी फाइल बहुधा डॉल्बी व्हिजन (एचडीआरचाच एक प्रकार) प्रोफाइल ५ ची असते. तिच्यात साध्या एचडीआरचा आधार नसतो, त्यामुळे डॉल्बी व्हिजन न कळणारा टीव्ही रंग चुकीचे लावतो. टीव्ही बदलणार नसाल तर त्याच चित्रपटाची प्रोफाइल ८ किंवा एचडीआर१० आवृत्ती ठेवा.

२०. हार्डवेअर ट्रान्सकोडिंग चालू केलंय, तरी प्रोसेसर १०० टक्क्यांवर. आता?

डॉकरमध्ये (सॉफ्टवेअर वेगळ्या कंटेनरमध्ये चालवायची सोय) चालवत असाल तर नव्वद टक्के वेळा कारण एकच: ग्राफिक्सचं डिव्हाइस कंटेनरला दिलेलंच नाही, किंवा दिलंय पण कंटेनरमधला वापरकर्ता ‘रेंडर’ गटात (ग्राफिक्स वापरायची परवानगी असलेल्या) नाही. प्लेक्स अशा वेळी तक्रार न करता गुपचूप प्रोसेसरवर उतरतं, म्हणून डॅशबोर्डवर हार्डवेअरची खूण दिसतेय का ते पाहायची सवय ठेवा.

डॉकर नसेल तर बायोस (मशीन सुरू होताना उघडणारं मूळ सेटिंग) उघडा. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावलं की काही बोर्ड आतलं ग्राफिक्स बंद करतात, ‘मल्टी-मॉनिटर’ नावाच्या सेटिंगने ते परत जागं होतं. तिसरी शक्यता अशी की चित्र ग्राफिक्सवर होतंय, पण सबटायटल छापणं प्रोसेसरवर (प्रश्न १८).

२१. चोवीस तास चालू ठेवायचं म्हणजे विजेचं बिल किती वाढेल?

एक वॉट वर्षभर चालू म्हणजे ८.७६ युनिट. पुढचा हिशेब तुमच्या दराने करा. ५० वॉटचा जुना डेस्कटॉप आणि १० वॉटचा मिनी पीसी यांत वर्षाला ३५० युनिटांचा फरक. ३.५ इंची डिस्क नुसती फिरत राहिली तरी चार ते सहा वॉट खाते, म्हणून चार छोट्यांऐवजी एक मोठी डिस्क विजेच्या दृष्टीनेही बरी.

डिस्क झोपवण्याचा मोह होतो. पण लायब्ररीचं स्कॅन, टॉरंट, बॅकअप यांतलं काहीतरी तिला दर तासाला उठवणार असेल तर ती नुसती झोपून-उठून थकते. दिवसातून एकदाच उठणार असेल तर झोपवा, आणि पहिल्या चित्रपटाला दहा सेकंद थांबा.

२२. नवी डिस्क आली. आजच भरू?

थांबा. आधी स्मार्टची (डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते ती सोय) लांब चाचणी, मग जमलं तर बॅडब्लॉक्स या सॉफ्टवेअरने पूर्ण लिहून-वाचून तपासणी. ती डिस्कवरचं सगळं पुसते, म्हणून रिकामी असतानाच करायची. ८ टीबीच्या डिस्कला एका फेरीचे बारा तास आणि अशा आठ फेऱ्या, म्हणजे चार दिवस. कंटाळवाणं आहे, पण खराब डिस्क परत करायची मुदत असताना पकडलेली बरी.

पुढे स्मार्टमध्ये ५, १९७ आणि १९८ क्रमांकांचे आकडे शून्यावरून हलले की बॅकअप तपासा आणि नवी डिस्क मागवा. १९९ वाढत असेल तर डिस्कवर राग काढू नका, बहुधा साटा केबल सैल किंवा खराब असते. सगळे आकडे शून्य म्हणजे हमी, असंही नाही. गूगलने २००७ मध्ये आपल्या डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात बिघडलेल्या निम्म्याहून अधिक डिस्कनी स्मार्टच्या चार प्रमुख खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती.

२३. लाइट गेली की सर्व्हर बंदच राहतो, कोणीतरी जाऊन बटण दाबावं लागतं.

बायोसमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं याचं सेटिंग असतं, ते ‘पॉवर ऑन’ करा. यूपीएस मात्र घ्याच. तासभर टिकणारा नको, मशीन रीतसर बंद व्हायला पाच-दहा मिनिटं पुरतात. यूपीएसची यूएसबी वायर सर्व्हरला जोडा आणि नट नावाचं सॉफ्टवेअर बसवा, नाहीतर यूपीएस संपल्याचं सर्व्हरला कळणारच नाही. राउटरही त्याच यूपीएसवर घ्या.

२४. बाहेरगावाहून पाहता येईल का? हार्डवेअर वेगळं लागतं?

इथे हिशेब उलटतो. घराची अपलोडची गती कमी असते, म्हणून बाहेर पाठवताना फाइल लहान करावी लागते, म्हणजे ट्रान्सकोड आलंच. घरात डायरेक्ट प्लेवर भागत असलं तरी बाहेरून पाहणारे दोघं-तिघं असतील तर प्रश्न ४ गांभीर्याने घ्या. तुमच्या कनेक्शनला स्वतःचा पब्लिक आयपी (बाहेरून थेट गाठता येणारा पत्ता) नसेल तर पोर्ट उघडून उपयोग होत नाही. टेलस्केलसारखी खासगी वाट करा, आणि पब्लिक आयपी असला तरी तीच करा. प्लेक्सवर बाहेरून पाहणं एप्रिल २०२५ पासून पैसे भरून मिळतं, हेही धरून चाला.

२५. यूएसबीची बाहेरची डिस्क फोडून आतली काढली. साटाला लावली तर फिरतच नाही. मेली?

बहुधा जिवंत आहे. अशा काही डिस्कमध्ये विजेच्या जोडणीतला तिसरा पिन डिस्क बंद ठेवण्याच्या इशाऱ्यासाठी वापरतात. जुन्या एसएमपीएसकडून त्या पिनवर ३.३ व्होल्ट सतत येतात आणि डिस्क आज्ञाधारकपणे बंद राहते. डिस्कच्या पहिल्या तीन पिनांवर कॅप्टॉन टेपची (वीज न वाहणारी, उष्णता सोसणारी टेप) बारीक पट्टी चिकटवली की ती फिरू लागते.

मोलेक्स (एसएमपीएसची जुनी चार पिनांची जोडणी) ते साटा अडॅप्टर लावूनही हेच साधतं, कारण मोलेक्समध्ये ३.३ व्होल्ट नसतातच. पण त्यातही एक मेख आहे: साच्यात ओतलेल्या एकसंध प्लास्टिकचे अडॅप्टर आतून शॉर्ट होऊन वितळल्याची उदाहरणं आहेत. वायरा एकेक करून दाबून बसवलेला, मागून उघडून पाहता येणारा प्रकार मिळाला तरच वापरा, नाहीतर टेप बरी. टेप लावताना चौथ्या पिनवर चढू देऊ नका. मी पहिल्यांदा चढवली होती, आणि चांगली डिस्क मेली समजून परत खोक्यात भरली होती.